बाबांची खुर्ची कोण बोलणार

थोरलीने सगळ्यांना रविवारी दुपारी जेवायला बोलावलं, तेही आईबाबांच्याच घरी, तेव्हाच बाबांच्या मनात पाल चुकचुकली. "काही विशेष नाही हो, सहज," असं ती फोनवर दोनदा म्हणाली होती. थोरली शाळेत गणित शिकवायची. सहज म्हणून तिने जन्मात काही केलं नव्हतं. लहानपणी ती रडायची तीसुद्धा आधी कारण सांगून.

मग खिडकीतून त्यांना दिसलं, की थोरली आणि मधला एकाच गाडीतून उतरताहेत. अंडं किती वेळ उकडायचं यावरून ज्यांनी एकदा आठवडाभर अबोला धरला होता, ती दोघं आज एकमेकांसाठी दार धरून उभी होती. सोबत जावई नाही, सून नाही, नातवंडं नाहीत.

"बघ," बाबा आईला म्हणाले, "युती झालीय."

आईने हातातल्या चमच्याने टेबलावर एकदा टकटक केलं. एकदा म्हणजे हो.

गेल्या वर्षी एका सकाळी चहा ओतता ओतता आईची उजवी बाजू गळाली होती आणि तिच्याबरोबर शब्दही गेले होते. कळत तिला सगळं होतं. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट बुजलीय. तेव्हापासून डाव्या हातातला चमचा हीच तिची जीभ. एकदा वाजवला की हो, दोनदा वाजवला की नाही, आणि वाजवतच राहिली की तुम्ही सगळे बावळट आहात. हा तिसरा अर्थ तिने स्वतःच ठरवला होता आणि सगळ्यात जास्त वापरात तोच होता.

चष्म्याच्या दुकानावरच्या त्या घराला जिना होता तो उभा, आणि मध्यावर काटकोनात वळलेला. मधला धापा टाकत वर आला. तो इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि त्यामुळे जिना चढायची वेळ आली की त्याला तो स्वतःचा अपमान वाटायचा.

"कुणी बांधलाय हा जिना?" तो आल्या आल्या म्हणाला.

"दरवेळी हेच विचारतोस," बाबा म्हणाले.

"दरवेळी चढावा लागतो म्हणून."

धाकटी सगळ्यात शेवटी आली, जांभया देत. ती पावाच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला भट्टीवर असायची. येताना नेहमीसारखी वाकड्यातिकड्या पावांची पिशवी घेऊन आली होती.

"हा का बसलाय गं?" मधल्याने एक पाव दाबून पाहिला.

"बसलेला नाही, थकलाय. माझ्यासारखा. खायचा तर खा."

"असले विकत नाहीत वाटतं?" थोरली म्हणाली.

"ताई, वाकडं पोर कुणी बाहेर पाठवतं का? घरीच ठेवतात. म्हणून तर मी तुमच्यापेक्षा जास्त वर्षं इथे राहिले."

आईने एकदा जोरात टकटक केलं. सगळे हसले आणि थोरली सूप वाढायला उठली. बाबाही हसले, पण हसता हसता त्यांचे कान पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. इथे आई काहीतरी म्हणाली असती. काय, ते त्यांना सुचेना. आई असती तर, असं मनात आलं आणि त्यांनी स्वतःला झापलं. आई होती की. समोर बसली होती, हनुवटीला सूप लागलेलं होतं. त्यांनी रुमालाने ते पुसलं.

या घरात आधी एक पद्धत होती. तिला सगळे खुर्ची बोलणं म्हणायचे.

मुलं लहान असताना बाबा जहाजावर इंजिन सांभाळायचे. वर्षातले बरेच महिने त्यांचे पाण्याच्या पातळीखाली, तेलाच्या वासात आणि कान बधिर करणाऱ्या गोंगाटात जायचे. घरी टेबलाशी त्यांची खुर्ची रिकामी असायची. एकदा मधल्याने त्या खुर्चीवर दप्तर आपटलं आणि आईला ते बघवलं नाही. तिने दोनदा खाकरून आवाज जाड केला आणि म्हणाली, "कोण रे तो माझ्या मांडीवर दप्तर ठेवतोय?" पोरं आधी दचकली, मग खिदळायला लागली. त्या दिवसापासून नियम झाला. जो घरी नाही, त्याच्या खुर्चीशेजारी बसलेल्याने त्याचं बोलणं बोलायचं, आणि खुर्ची जे बोलेल ते सगळ्यांनी पाळायचं.

नियम आईचा, आणि तो उलटलाही तिच्यावरच. मधल्याने एका संध्याकाळी मुद्दाम बाबांच्या खुर्चीशेजारची जागा पटकावली, दोनदा खाकरला आणि जाड आवाजात स्वतःलाच बदक पाळायची परवानगी देऊन टाकली. पुढे बाबा सुट्टीवर आले, हातपाय धुवायला न्हाणीघरात गेले आणि तसेच बाहेर आले.

"आत काय आहे?"

"बदक," मधला म्हणाला. "तुम्हीच हो म्हणालात."

"मी कधी म्हणालो?"

"मंगळवारी. जेवताना."

त्या मंगळवारी बाबा कुठल्याशा समुद्रात कोपरापर्यंत ग्रीसमध्ये होते. त्यांनी आईकडे पाहिलं.

"म्हणालात खरे," आई म्हणाली. "मी होते ना समोर."

खरी पंचाईत बदकाची नव्हती. पंचाईत अशी, की खुर्चीतले बाबा फार मजेशीर होते. ते आंघोळ टाळणाऱ्याची खिल्ली उडवायचे, गणितात नापास झालेल्याच्या बाजूने बोलायचे, आईच्या करपलेल्या पावाला नावं ठेवायचे आणि आई त्यांच्याशी, म्हणजे स्वतःशीच, कडाकडा भांडायची. खरे बाबा मात्र गोंगाटातून आलेले, बोलायची सवय मोडलेले. थोरलीने एकदा त्यांच्या देखतच विचारलं होतं, "आई, हे बाबा बोलत का नाहीत? खुर्चीतले तर किती बोलतात." बाबांना वाईट वाटलं. पण माणूस जिद्दीचा. पुढच्या सफरीत ते इंजिनाच्या खोलीत उभे राहून दोनदा खाकरायचा सराव करायचे, कारण तिथे कुणाला काही ऐकू जायचं नाही. दर सुट्टीला थोडे थोडे ते त्या माणसासारखे होत गेले. आईने लग्न एकाशी केलं आणि संसारातून दुसराच माणूस काढला, असं ते कौतुकाने सांगायचे.

एकच गोष्ट त्यांनी तिच्याकडून घेतली नाही. रोज झोपायच्या वेळी खुर्चीतले बाबा दोनदा खाकरून म्हणायचे, "मी इथेच आहे. झोपा आता." ते वाक्य खऱ्या बाबांनी कधी उच्चारलं नाही. सुट्टीवर असताना ते म्हणायचं कारण नव्हतं, आणि लांब असताना ते म्हणायला तोंड नव्हतं.

निवृत्त होऊन घरी आल्यावर त्यांनी एकच काम आवडीने केलं. आई बोलायची आणि ते ऐकायचे. दूधवाल्यापासून आकाशातल्या ढगापर्यंत सगळ्यांची ती हजेरी घ्यायची. इतक्या वर्षांचं राहिलेलं ऐकणं ते फेडत होते. आणि नेमकं ते रंगात आलं असताना ती सकाळ आली, चहाची. तेव्हापासून घरात कुणीच खुर्ची बोललं नव्हतं. बोलायचं तर आईची खुर्ची बोलावी लागली असती, आणि आई तर तिच्यात बसलेली होती.

सूप संपत आलं तशी थोरलीने घसा साफ केला. "बाबा, एक विषय होता."

"सहज?" बाबा म्हणाले.

"मुद्दा पहिला. तुमची कंबर. मुद्दा दुसरा, हा जिना. आईला खाली न्यायचं म्हणजे दोन माणसं लागतात, म्हणून ती महिनोन् महिने खाली उतरलेलीच नाही. मुद्दा तिसरा, माझ्या घराजवळ बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत. गेलेले शब्द परत आणतात त्या. पण रोज जावं लागतं."

"मग?"

"मग आई माझ्याकडे."

"आणि मी?"

थोरलीने मधल्याकडे पाहिलं. ठरल्याप्रमाणे आता त्याची पाळी होती, पण तो पावातला मऊ भाग काढून त्याच्या गोळ्या करत होता.

"तुम्ही माझ्याकडे," तो शेवटी म्हणाला. "ताईकडे मोकळी खोली एकच आहे, अरुंद. त्यात आईची कॉट बसली की उभं राहायला जागा नाही. माझ्याकडे लिफ्ट आहे बाबा. मी स्वतः बसवलेली. तिच्यात आरसा आहे."

"आरशाचं मी काय करू?"

"रविवारी भेटवूच की आम्ही," थोरली घाईघाईने म्हणाली. "दर रविवारी."

बाबांना वाटलं, पायाखालची फळी सरकली. आयुष्यभर लांब राहिलो ते हे ऐकायला का? त्यांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटी त्यांची. भांडणात ती न विचारता त्यांच्या बाजूला येऊन उभी राहायची. आता ती ताटाकडे बघत होती.

"तुला माहीत होतं?"

"ताईने काल सांगितलं," ती म्हणाली. "मी हो म्हणाले, बाबा. मागच्या वेळी आईला उचलताना तुमचं तोंड बघितलं ना मी. तुम्ही हसत होतात, पण ते काही हसू नव्हतं."

म्हणजे युतीत तीन पक्ष होते. राग यावा असं बाबांना वाटत होतं, पण तिघांचेही चेहरे इतके पडलेले होते की राग धरायला जागाच सापडेना.

"आईला विचारा," ते म्हणाले.

थोरली तिच्याकडे वळली. "आई, येशील माझ्याकडे?"

चमचा वर गेला आणि तसाच राहिला. ना हो, ना नाही. आई बाबांकडे बघत होती. थोरलीने पुन्हा विचारलं. चमचा हलला नाही.

"आई काय म्हणेल ठाऊक आहे का," मधला म्हणाला, आणि बोलता बोलता त्याचा आवाज चढला, मान तिच्यासारखी तिरकी झाली. "अरे, तीन-तीन पोरं जन्माला घातली आणि एकालाही..." तो मध्येच थांबला. त्याचे कान लाल झाले.

"दादा," धाकटी हळूच म्हणाली, "आई इथे बसलीय."

खालच्या दुकानाचं शटर कुणीतरी ओढल्याचा आवाज आला. मग टेबलावर टकटक झाली. एकदा.

"हो म्हणजे काय?" थोरलीला कळेना. "बोलायची? तुझी खुर्ची?"

टक.

"मी बोलू?" मधल्याने विचारलं.

टक टक. आणि मग आईने चमचा उचलून सरळ बाबांवर रोखला. तिच्या खुर्चीशेजारी तेच बसले होते. नियम म्हणजे नियम.

"मला नाही येत," बाबा म्हणाले. यावर चमचा वाजला आणि वाजतच राहिला, तेव्हा सगळ्यांना अर्थ कळला.

बाबांनी खुर्चीत सावरून बसून पाहिलं. बारीक आवाज काढून ते म्हणाले, "मुलांनो, जेवण कसं झालंय?"

टक टक.

"एवढं गोड मी कधी बोलले?" धाकटीने हसू दाबत आईच्या वतीने भाषांतर केलं.

बाबांनी डोळे मिटले. त्यांनी स्वयंपाकघरातून येणारा तो आवाज आठवला, भांड्यांच्या वरून चढणारा, वाक्याच्या शेवटी नाकात शिरणारा. बोलायला लागले तेव्हा त्यांनी आवाज काढायचा प्रयत्नच सोडून दिला होता, नुसते तिचे शब्द येऊ दिले.

"थोरले, सुपात मीठ कोणी घातलंय? तूच ना? मोजून घातलंस की काय? मीठ मोजत नाहीत गं, मीठ घाबरत घाबरत घालतात. आणि तू रे, बूट कुठे काढलेस? दारात? त्यात पाय अडकून मी पडले की मग लावा मला लिफ्ट. धाकटे, तू झोप. नाही, आत्ता नाही. पण झोप. डोळे बघ कसे झालेत."

टक. टक. टक, प्रत्येकाला एकेक, वेगवेगळी. मधला उठून बूट कोपऱ्यात ठेवून आला.

"आणि ह्यांना काही विचारू नका," बाबा रंगात आले. "ह्यांना काही कळत नाही. सगळं आयुष्य इंजिनाशी बोलण्यात गेलं. बदक घरात आलं तरी ह्यांना महिन्याने कळलं."

आईने इतक्या जोरात चमचा वाजवला, की सुपाची वाटी सरकली. तिचे खांदे हलत होते. हसताना तिच्या घशातून बारीकसा आवाज यायचा, तेवढाच आता तिचा आवाज उरला होता. तिघं मुलं पोट धरून हसत होती आणि थोरली चष्मा काढून डोळे पुसत होती. बाबांना वाटलं, इथेच थांबावं. पण थोरलीने चष्मा लावला आणि विचारलं, "मग आई, काय करायचं? सांग."

बाबांचं हसू ओसरलं. खुर्ची जे बोलेल ते पाळायचं होतं. एक वाक्य, की मी कुठ्ठे जाणार नाही, आणि विषय मिटला असता. मधल्याने बदक तसंच तर मिळवलं होतं. वाक्य त्यांच्या ओठावर आलंही. मग त्यांनी आईकडे पाहिलं. थोरलीकडे त्या बाई होत्या, शब्द परत आणणाऱ्या. तो आवाज पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून बाबांनी काय दिलं नसतं? आणि तो मिळवायचा तर तिला जाऊ द्यायला हवं होतं. तिच्या खुर्चीत आपलं वाक्य घुसडायचं नाही, एवढी तरी सचोटी पाळायलाच हवी, असं त्यांनी मनाला बजावलं.

"मी जाते थोरलीकडे," ते सावकाश म्हणाले. "तिथे त्या बाई आहेत. मला बोलायचंय. किती साठलंय, तुम्हाला कल्पना नाही. आणि हे मला उचलताना हसतात, दुखत नाही म्हणतात. मला काय ते हसू कळत नाही? मी जाते. हे राहतील मधल्याकडे. ह्यांना सवय आहे लांब राहायची."

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज फुटला. ते चमच्याची वाट बघत राहिले. टक झालं असतं तर ते उठून तिची बॅग भरायला गेले असते.

आईने चमचा टेबलावर ठेवला. वर्षभरात झोपेखेरीज तिने तो हातातून सोडला नव्हता. रिकामा डावा हात तिने टेबलावर पसरून टेकला, हनुवटी छातीशी ओढली, आणि खाकरली. एकदा. मग पुन्हा एकदा. जाड, ओढून, पोटातून काढलेलं. त्या खाकरण्याला शब्द लागतच नव्हते. ते तिने स्वतःच घडवलं होतं, आणि वाट बुजली तरी ते बाहेर आलं होतं.

"मी इथेच आहे. झोपा आता," तिघं मुलं एका सुरात म्हणाली.

विचार करून नाही. तोंडातून आपोआप निघालं, लहानपणी निघायचं तसंच. भर दुपारी, उन्हात, हातात पावाचे तुकडे घेऊन. म्हणून झाल्यावर तिघं एकमेकांकडे बघायला लागली. धाकटी हसायला गेली आणि रडायला लागली.

"पण मुद्दा तिसरा," थोरली म्हणाली.

"खुर्ची बोलली, ताई," मधला म्हणाला.

"बाबांची खुर्ची रिकामी कुठे आहे? नियमात बसत नाही हे."

"आईची तरी कुठे रिकामी होती?"

थोरलीने ओठ आवळले. मग तिने बोटांवर काहीतरी मोजायला सुरुवात केली, तेव्हा मधल्याने निःश्वास टाकला, कारण थोरली मोजायला लागली म्हणजे तिने हार मानलेली असे. "त्या बाईंना माझी शाळा सुटल्यावर मी गाडीतून इकडे आणू शकते," ती म्हणाली. "रोज नाही. पण एकाआड एक दिवस जमेल. आणि उचलायला सकाळी कुणीतरी हवं."

"पहाटेची पाळी संपली की मी," धाकटी नाक पुसत म्हणाली. "तशीही मला इथेच झोप लागते."

मधला केव्हाच उठला होता. जिन्यावरून त्याच्या मोजपट्टीचा सरसर आवाज येत होता. "कठड्याला लावायची खुर्ची बसेल इथे!" तो खालून ओरडला. "चालती खुर्ची! आईला बसल्या बसल्या खाली नेईल! वळणावर अडेल असं मी म्हणायचो, पण रूळ थोडा वाकवला तर... ताई, टोक धर जरा इकडे येऊन!"

"असं नाही धरत!" थोरलीचा आवाज जिन्यात घुमला आणि दोघांचं लगेच वाजलं. युती मोडली होती. धाकटी पंच म्हणून खाली पळाली.

टेबलाशी दोघंच राहिली. आईच्या हनुवटीला पुन्हा सूप लागलं होतं. बाबांनी ते पुसलं, चमचा उचलून तिच्या डाव्या हातात दिला आणि तिची बोटं त्याच्यावर मिटवली. तिचा आवाज त्यांना अजूनही हवा होता, रोज हवा असणार होता. येईल किंवा येणार नाही. जिन्यात पोरं भांडत होती आणि ही काहीतरी म्हणाली असती.

त्यांनी दोनदा खाकरून घसा मोकळा केला.

"मी इथेच आहे," ते म्हणाले.

इतकी वर्षं ते वाक्य त्यांच्या नावावर होतं. त्यांच्या तोंडून ते त्या घरात पहिल्यांदाच आलं होतं. आईने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं, आणि मग चमचा टेबलावर एकदा वाजवला.